मुलाचा एक्स-रे काढायचा आहे: घरची तयारी आणि तिथली तयारी

एक्स-रे काढताना दुखत नाही. सुई नसते, कापाकापी नसते आणि किरण पडतात तेही सेकंदाचा एखादा छोटा अंश. तरी एक्स-रेच्या खोलीतून रडण्याचे आवाज येतातच. रडणारं मूल किरणांना घाबरलेलं नसतं, कारण किरण म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसतं. त्याला भीती वाटते ती अनोळखी माणसाने हात धरण्याची, गार टेबलावर उताणं झोपवण्याची, डोक्यावर सरकत येणाऱ्या अवजड यंत्राची आणि आई-बाबा दाराबाहेर राहतील याची.

तयारी या चार गोष्टींची करायची असते. एक्स-रे कसा चालतो हे समजावण्यात बरेच पालक शक्ती घालवतात. लहान मुलाला त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे गेल्यावर आधी काय, मग काय, शेवटी काय हा क्रम त्याला माहीत झाला की बरंच काम झालं. आणि हे फक्त रडारड टाळण्यासाठी नाही. मूल हललं की प्रतिमा पुसट येते, पुसट आली की पुन्हा काढावी लागते आणि पुन्हा काढली की किरणांचा डोसही पुन्हा लागतो. नीट तयार झालेलं मूल एका प्रयत्नात सुटतं.

आधी मोठ्यांनी माहिती घ्यायची

मुलाशी बोलण्याआधी डॉक्टरांना किंवा एक्स-रे विभागाला फोनवर काही गोष्टी विचारून घ्या. नेमका कोणता भाग? किती बाजूंनी? हाडाचा एक्स-रे सहसा निदान दोन कोनांतून काढतात, एक समोरून आणि एक बाजूने, कारण एका कोनात दिसत नाही ती चीर दुसऱ्या कोनात दिसते. हे मुलाला आधी सांगितलं नाही, तर पहिल्या फोटोनंतर ‘झालं’ म्हणून ते उठून बसतं आणि दुसऱ्या वेळी हातात येत नाही. कधी कधी दुखावलेल्या हातासोबत चांगल्या हाताचाही फोटो मागवतात, तुलनेसाठी. तेही आधी कळलेलं बरं.

दुसरा प्रश्न: साधा एक्स-रे आहे की औषध देऊन काढायचा आहे? साध्या एक्स-रेला उपाशी राहावं लागत नाही. बेरियम (एक्स-रेत ठळक दिसणारं औषध) पाजून अन्ननलिकेची किंवा पोटाची तपासणी करायची असेल, तर काही तास उपाशी ठेवायला सांगतात. मूत्राशयाच्या तपासणीत लघवीच्या जागी बारीक नळी घालतात. या तपासण्यांना वेळ जास्त लागतो आणि त्यांची तयारी वेगळी असते. त्या बाबतीत ‘काही टोचणार नाहीत, काही घालणार नाहीत’ असं मुलाला परस्पर सांगून ठेवू नका. पुढचं सगळं साध्या एक्स-रेबद्दल आहे.

तिसरा प्रश्न: पालकांपैकी कोणी आत थांबू शकतं का? बहुतेक ठिकाणी एकाला थांबू देतात. गरोदर असलेली किंवा तशी शक्यता असलेली बाई थांबू शकत नाही, त्यामुळे आत कोण जाणार हे घरीच ठरवा. दारात उभं राहून आई आत की बाबा आत ही चर्चा सुरू झाली, की मूल दोघांनाही सोडत नाही.

याआधी त्याच भागाचा एक्स-रे काढला असेल तर फिल्म किंवा सीडी सोबत न्या. जुन्या प्रतिमेशी ताडून पाहता आलं, तर नव्याने काढायची गरज कधी कधी उरतही नाही.

एका परिस्थितीत मात्र यातलं काहीच करत बसू नका. मुलाने बटणासारखा चपटा सेल गिळला असेल किंवा तशी शंका असेल, तर तडक इमर्जन्सी गाठा. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो. नाणं असेल की सेल, हे एक्स-रेतच कळतं: सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं. तिथे मूल रडलं तर रडलं.

किरणांचं काय?

हा प्रश्न मुलाचा नसतो, तुमचा असतो. पण तुमच्या मनात तो घोळत असेल, तर तुमच्या चेहऱ्यावरून मूल ते ओळखतं. म्हणून आधीच निपटून टाका.

माती, खडक, हवा आणि अवकाश यांतून आपल्या सगळ्यांना थोडा किरणोत्सर्ग रोज मिळतच असतो. जगाची सरासरी धरली तर तो वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) भरतो. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन दिवस ते पंधरवड्यात निसर्गातून मिळतो तेवढा. हाताच्या किंवा पायाच्या एक्स-रेचा त्याहून खूपच कमी. पोट, कंबर आणि मणका यांचा जास्त. सीटी स्कॅनचा तर कितीतरी जास्त, तो हिशेबच निराळा.

मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही जास्त असतं. त्यामुळे गरज असेल तेव्हाच आणि कमीत कमी डोसमध्ये, हा नियम मुलांच्या बाबतीत अधिक कडक पाळतात. ‘हा एक्स-रे आत्ताच हवा का? याने उपचारात काय फरक पडेल?’ असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: हाड मोडल्याची शंका असताना किरणांच्या धास्तीने एक्स-रे टाळणं हा शहाणपणा नव्हे.

शिशाच्या एप्रनबद्दल एक सांगायला हवं. पूर्वी किरण अडवायला मुलाच्या ओटीपोटावर शिशाचा तुकडा ठेवायची पद्धत होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संस्थेने रुग्णाला सरसकट असं झाकणं थांबवावं अशी भूमिका घेतली. कारणं व्यवहाराची आहेत. तो तुकडा सरकून हवा तोच भाग झाकतो. यंत्राच्या आपोआप डोस ठरवणाऱ्या यंत्रणेसमोर आला, तर ती किरण उलट वाढवते. आणि शरीराच्या आत विखुरणाऱ्या किरणांना बाहेरचं शिसं अडवू शकत नाही. तेव्हा तुम्हाला एप्रन दिला आणि मुलाला दिला नाही, तर तो हलगर्जीपणा समजू नका. शंका असेल तर विचारा, पण मूल टेबलावर झोपण्याआधी.

एक्स-रे झाल्यावर अंगात काहीही उरत नाही. लगेच कुशीत घ्या, लगेच दूध पाजा.

कधी सांगायचं

फार आधी सांगितलं तर मूल चार रात्री तेच घोकत बसतं. अजिबात सांगितलं नाही तर पुढच्या वेळी दवाखान्याच्या नावानेच बिथरतं, कारण मागच्या वेळी फसवून नेलेलं त्याच्या लक्षात असतं.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला निघण्याच्या थोडं आधी, दोन वाक्यांत सांगितलं की पुरे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगा, पण झोपवताना नको. दिवसा, खेळण्याच्या वेळी. शाळकरी मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगितलेलं चालतं, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला सवड मिळते. पहिलं उत्तर दिल्यावर विषय संपला असं समजू नका. खरा प्रश्न बहुधा दुसऱ्या दिवशी येतो, तोही अंघोळ करताना किंवा बुटांची नाडी बांधताना.

किशोरवयीन मुला-मुलींना तारीख ठरताना सामील करून घ्या. पाळी सुरू झालेल्या मुलीला तिथे गरोदरपणाबद्दल विचारलं जाऊ शकतं. तो नेहमीचा प्रश्न आहे, सगळ्यांना विचारतात, हे तिला आधीच शांतपणे सांगून ठेवा, आणि विचारताना तुम्ही बाहेर थांबायची तयारी ठेवा. कपडे बदलून गाऊन घालावा लागेल हेही सांगा. या वयात भीती यंत्राची कमी आणि लाजेची जास्त असते.

काय सांगायचं आणि कसं

चार-पाच वर्षांच्या मुलाला सांगायचं तर साधारण असं:

‘आधी आपण बाहेर खुर्च्यांवर बसू. थोडा वेळ थांबावं लागेल. मग तुझं नाव पुकारतील. आत एक टेबल असेल, हाताला गार लागेल. वर एक मोठ्ठा कॅमेरा असतो, तो सरकतो पण अंगाला लागत नाही. दिवे थोडे कमी करतील. तुझ्या हातावर उजेडाचा चौकोन पडेल, तो नुसता दिवा आहे. ताई तुझा हात नीट ठेवेल, मग काचेमागे जाईल आणि म्हणेल, हलायचं नाही. मशीन गुणगुणेल, टक् वाजेल. मग हात वळवून अजून एकदा. झालं. मग आपण घरी.’

यात किरण हा शब्दही आलेला नाही. जे दिसेल, ऐकू येईल आणि अंगाला लागेल तेवढंच आलंय. शेवटी ‘घरी’ आलं पाहिजे, कारण मुलाला आपण तिथेच राहणार की काय अशी धास्ती असते. अर्थात त्या दिवशी दाखल करून घेण्याची शक्यता असेल, तर हे वाक्य गाळा.

न सांगण्याच्या गोष्टीही आहेत. ‘अजिबात काही होणार नाही’ असं म्हणू नका. काहीतरी होणारच असतं, म्हणूनच तर जायचंय. ‘डॉक्टर सुई लावणार नाहीत’ हे वचन तुमच्या हातात नाही. नंतर रक्त तपासायचं ठरलं की तुम्ही खोटे पडता. ‘हा फोटो काढताना सुई नसते’ एवढंच खरं आहे, तेवढंच सांगा. ‘किरण मारतात’ किंवा ‘आरपार जातात’ असलं काही लहान मुलासमोर बोलू नका, त्याला ते शब्दशः वाटतं. आणि ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर टोचतील’ ही धमकी देणाऱ्या आजी-आजोबांना, काका-मामांना आदल्या दिवशीच प्रेमाने आवरा.

निवड द्या, पण खरी. ‘जायचं ना आपण एक्स-रेला?’ असं विचारलंत आणि मूल ‘नाही’ म्हणालं, तर काय करणार? त्याऐवजी असं विचारा: सोबत अस्वल न्यायचं की ससा? टक् वाजेपर्यंत मी गाणं म्हणू की आकडे मोजू? माझा हात धरणार की माझ्याकडे बघणार? यातलं काहीही निवडलं तरी काम पुढे सरकतं आणि मुलाला वाटतं, इथे माझंही चालतं.

मुलांच्या भीती मोठ्यांना सुचणाऱ्या नसतात. ‘ते माझ्यावर पडेल का?’ हा सगळ्यांत नेहमीचा प्रश्न. ते छताला किंवा खांबाला पक्कं बसवलेलं असतं, असं सांगायचं. ‘हाडं बघायला कातडी काढतात का?’ हाही येतो, आणि तो अगदी रास्त आहे, कारण त्याने हाडं पाहिलीत ती चित्रातल्या सांगाड्यात, आणि सांगाडा म्हणजे मेलेला माणूस. अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर हात धरून भिंतीवरची सावली दाखवा. हात तसाच राहतो, भिंतीवर फक्त चित्र उमटतं. एक्स-रेही सावलीच असते: हाडांतलं कॅल्शियम किरण जास्त अडवतं म्हणून हाडं पांढरी दिसतात, फुप्फुसांतली हवा फारसं अडवत नाही म्हणून ती काळी. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं छान कळतं.

‘ताई काचेमागे का पळते?’ या प्रश्नावर पालक गडबडतात. खरं उत्तर सोपं आहे. ती दिवसभर कितीतरी जणांचे फोटो काढते, रोज काढते, म्हणून प्रत्येक वेळी आड जाते. तुझा आज एक-दोनदाच आहे.

शोध लावण्याची आवड असलेल्या मुलाला रॉंटगेनची गोष्ट सांगा. विल्हेल्म रॉंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये हे किरण सापडले, आणि त्याच डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताची प्रतिमा घेतली. तीत बोटांच्या हाडांइतकीच ठळक दिसते ती तिची अंगठी. दागिने का काढायचे, हे वेगळं समजावावं लागत नाही.

बाहुलीचा एक्स-रे

सांगण्यापेक्षा खेळण्याचा परिणाम जास्त होतो. जेवणाच्या टेबलावर एखादी चादर, एक टॉर्च आणि एक भरीव बाहुली, एवढं पुरतं. पहिल्यांदा तुम्ही टेक्निशियन व्हा: बाहुलीचं नाव विचारा, कोणता हात दुखतोय विचारा, हात सपाट ठेवा, वरून टॉर्चचा उजेड पाडा, दाराआड जा, ‘हलू नकोस’ म्हणा, तोंडाने ‘टक्’ आवाज काढा. दुसऱ्या फेरीत मुलाला टेक्निशियन होऊ द्या आणि तुम्ही बाजूला बसून नुसतं बघा. बाहुलीला दटावणारं, तिला गच्च बांधून ठेवणारं किंवा तिला पुन्हा पुन्हा टेबलावरून पाडणारं मूल स्वतःची भीतीच दाखवत असतं. तिथे टोकू नका. ‘तिला कशाची भीती वाटतेय?’ असं बाहुलीबद्दल विचारा. स्वतःबद्दल जे बोलणार नाही, ते बाहुलीबद्दल बोलतं.

तिसरी फेरी मुलाची. आता सरावाच्या दोन गोष्टी.

पहिली, स्थिर राहणं. ‘स्टॅच्यू’चा खेळ यासाठी आयता आहे. आधी तीन आकडे, मग पाच, मग दहा. प्रत्यक्ष किरण क्षणभरच पडतात, पण हात-पाय जागेवर लावून टेक्निशियन काचेमागे जाईपर्यंत थोडं थांबावं लागतं आणि मुलं हलतात ती नेमकी तेव्हाच. म्हणून सराव टेक्निशियन दूर जाण्यासकट करा.

दुसरी, श्वास. ही छातीच्या एक्स-रेपुरती आणि साधारण चार-पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी. ‘मोठा श्वास घे, धर, सोड.’ बहुतेक मुलं काय करतात? गाल फुगवतात, खांदे कानांपर्यंत नेतात आणि छाती असते तशीच. मुलाचा तळहात त्याच्याच पोटावर ठेवा आणि नाकाने फुलाचा वास घ्यायला सांगा. हात पुढे सरकला पाहिजे. मग तोंड बंद करून तीन आकडे. हे एवढं का, तर श्वास अर्धवट असताना काढलेल्या फोटोत हृदय असतं त्याहून मोठं दिसतं आणि फुप्फुसाचा खालचा भाग पांढुरका दिसून न्यूमोनियाची उगाच शंका येते.

उभं राहून काढायचा असेल तर छाती प्लेटला चिकटवून, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपर पुढे, असं उभं करतात. कपाटाच्या दारासमोर दोनदा करून बघितलं की जमतं. दुखावलेल्या हाताचा किंवा पायाचा सराव मात्र बाहुलीवरच करा, मुलावर नको.

कपडे आणि पिशवी

चेन, धातूची बटणं, हुक आणि जाड चमकदार छपाई नसलेले सैल कपडे घाला, म्हणजे कपडे उतरवण्याची झटापट टळते. कानातलं, गळ्यातलं, केसांतल्या पिना घरीच काढा. छातीचा किंवा मानेचा एक्स-रे असेल तर वेणी वर बांधा. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या टोकावर सावली पाडते. बाळाचं पोट किंवा कंबर असेल तर डायपर कोरडं हवं, कारण ओलं डायपर प्रतिमेत दिसतं. एक जास्तीचं डायपर, पांघरूण, आवडती बाहुली, चार्ज केलेला फोन, जुने एक्स-रे आणि डॉक्टरांची चिठ्ठी. धाकट्या भावंडाला शक्यतो घरी ठेवा.

दुखरा हात असेल तर

‘दुखत नाही’ हे एक्स-रेबद्दल खरं आहे, मोडलेल्या हाताबद्दल नाही. फोटोसाठी तो हात सरळ करावा लागतो, वळवावा लागतो, आणि तेव्हा दुखतंच. माझ्या मते पालकांकडून सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट ही आहे: एक्स-रेला पाठवण्याआधी वेदनाशामक औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. त्याचा असर व्हायला वेळ लागतो, म्हणून तपासणी झाली की लगेच विचारा, एक्स-रेच्या रांगेत पोचल्यावर नाही. हाताला आधाराची पट्टी बांधली असेल तर बऱ्याचदा ती न काढताही फोटो निघतो. काढायची असेल तर कोण काढणार, हे विचारून घ्या. स्वतः काढू नका.

मुलाला सांगताना: ‘फोटोने दुखणार नाही. हात वळवताना थोडं दुखू शकतं. फार दुखलं तर “थांबा” म्हण, ताई थांबेल.’ आणि टेक्निशियनला हे मुलाच्या देखत सांगा, म्हणजे तो शब्द खरोखर चालतो हे त्याला दिसतं.

खोलीत

दारातून आत गेल्यावर टेक्निशियन नाव, जन्मतारीख आणि भाग विचारतील, चिठ्ठीवर लिहिलेलं असलं तरी. चूक टाळण्यासाठीच पुन्हा विचारतात. ‘कोणता हात?’ याचं उत्तर मुलाला देऊ द्या. मग तुम्ही एका वाक्यात सांगा: ‘आवाजाला घाबरते, पण मोजलं की थांबते.’ एवढ्या माहितीने त्यांचं काम खूप सोपं होतं.

आता बोलणारं माणूस एकच असावं. आई ‘हात सरळ ठेव’, बाबा ‘इकडे बघ’, टेक्निशियन ‘हनुवटी वर’, असं तिघं एकदम बोलले की मूल गोठतं किंवा उठून बसतं. सूचना टेक्निशियनच्या, गाणं तुमचं.

तुम्हाला मूल धरायला सांगितलं तर शिशाचा एप्रन देतील. तो जड असतो, आधी नीट बांधून घ्या. उजेडाचा चौकोन जिथे पडलाय तिथेच किरण पडणार आहेत. तुमची बोटं त्या चौकोनाबाहेर ठेवा. धरायचं ते घट्ट पण सावकाश, आणि तोंड मुलाच्या चेहऱ्याजवळ ठेवून. अर्धवट धरलं तर मूल शेवटच्या क्षणी सुटतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. टेक्निशियन रोज मुलांना धरत असते तर त्यांना रोज किरण लागले असते, म्हणून धरायचं काम ते सहसा तुमच्यावर सोपवतात.

तान्ह्या बाळाचं तंत्र वेगळं. पोट भरलेलं आणि उबदार गुंडाळलेलं बाळ निम्म्या वेळा झोपेतच सुटतं, म्हणून शक्य असेल तर दूध पाजायची वेळ बघून जा. छातीचा एक्स-रे असताना बाळ रडलं तरी बिघडत नाही. रडताना दोन किंकाळ्यांच्या मध्ये बाळ खोल श्वास आत घेतं आणि अनुभवी टेक्निशियन तोच क्षण टिपतो.

काही रुग्णालयांत पिग-ओ-स्टॅट नावाचं साधन असतं. छोट्या बैठकीवर बाळाला बसवतात, हात वर करतात आणि दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिकचे अर्धगोल लावून त्याला सरळ ठेवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, इतकं ते कैद केल्यासारखं दिसतं. बाळाला त्याने इजा होत नाही, अगदी थोड्या वेळात बाहेर काढतात आणि फोटो बहुधा पहिल्याच वेळी नीट येतो. बघवत नसेल तर दुसऱ्या कोणाला आत पाठवा. त्यात काही कमीपणा नाही.

मूल खूपच बिथरलं, तर ‘पाच मिनिटं बाहेर जाऊन येऊ का?’ असं विचारा. तातडीचं नसेल तर हो म्हणतात. झटापट करून काढलेला पुसट फोटो कोणालाच नको असतो. साध्या एक्स-रेसाठी गुंगीचं औषध द्यायची वेळ क्वचितच येते.

आवाज, उजेड किंवा स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांसाठी, उदाहरणार्थ स्वमग्न मुलांसाठी, आधीच फोन करून कमी गर्दीची वेळ मागा. बाहेर ताटकळणं त्यांना आतल्या फोटोपेक्षा जड जातं. खोलीचे आणि यंत्राचे फोटो मिळाले तर क्रमाने लावून दाखवा, ‘आधी फोटो, मग बाग’ अशी दोन चित्रांची चिठ्ठी हातात द्या, आणि स्पर्श करण्यापूर्वी सांगूनच करा अशी विनंती करा.

झाल्यावर

पडद्यावरची प्रतिमा मुलाला दाखवतील का, विचारा. पुष्कळ टेक्निशियन हौसेने दाखवतात. कोपऱ्यात डाव्या-उजव्याची खूण म्हणून एक अक्षर उमटलेलं असतं, ते शोधायला सांगा. तळहात आणि मनगट मिळून मोठ्या माणसाच्या एका हातात २७ हाडं असतात. लहान मुलाच्या मनगटातली काही हाडं अजून कूर्चेची, म्हणजे मऊ, असतात, म्हणून तिथे नुसती मोकळी जागा दिसते. हाडांच्या टोकांशी काळी रेघ दिसली तर लगेच ‘मोडलंय!’ म्हणून दचकू नका. वाढत्या हाडाची ती पट्टी असते, हाड तिथूनच लांब होतं. ती कुठली आणि चीर कुठली, हे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे वाचणारे डॉक्टर, ठरवतील. म्हणून ‘काय निघालं?’ असं टेक्निशियनला मुलासमोर खोदून विचारू नका. अहवाल देणं त्यांचं काम नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तुम्ही जो अर्थ काढाल तोच मूल काढेल.

शाबासकी नेमक्या गोष्टीची द्या: ‘टक् वाजेपर्यंत हात हलवला नाहीस.’ ‘रडली नाहीस म्हणून शहाणी’ हे नको, कारण रडली असती तरी काही बिघडलं नसतं, आणि पुढच्या वेळी रडू आलं तर ते लपवावं लागेल असं तिला वाटतं. संध्याकाळी ती बाहुलीचा एक्स-रे पुन्हा काढायला बसली तर बसू द्या. घरातल्यांना काय झालं ते तिलाच सांगू द्या. तुम्ही मधे दुरुस्त्या करू नका.

आणि मुलाच्या फाइलमध्ये एक पान यासाठीच ठेवा: तारीख, शरीराचा भाग, किती प्रतिमा काढल्या, कुठे काढल्या, फिल्म किंवा सीडी कुठे ठेवली आहे. वर्षा-दोन वर्षांनी दुसरा डॉक्टर ‘याआधी कधी काढला होता का?’ असं विचारेल, तेव्हा ते पान पुढे करता येईल.